माझ्या अंगावरचा शालू

"भाऊ, तुमच्यावर तर नवरीपेक्षा खुलून राहिला!" नवरीची मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो. इतवारी बाजारातल्या साडीच्या दुकानात हे रोजचंच. आम्ही पुरुष सेल्समनच निऱ्या कमरेला खोचून, पदर खांद्यावर घेऊन साडी दाखवतो.

शालू पसंत पडला. नवरीच्या आईने सहज विचारलं, "आडनाव काय हो तुमचं?"

सांगितलं. आमचं घर बौद्ध. आडनावावरून कळतं. तिला कळलं.

"शेठजी, असाच दुसरा काढा. यांनी अंगावर न घेतलेला. पूजेला बसायचं आहे पोरीला."

शेठजींनी माझ्या खांद्यावरचा पदर स्वतः ओढून घेतला. मी निऱ्या सोडल्या. घडी नीट केली.

संध्याकाळी शेठजी म्हणाले, "मनावर नको घेऊ गा. उद्यापासून वर गोदामात बस. पगार तोच."

पगार तोच, म्हणून बसलो. राग आला नाही. काहीच आलं नाही. गठ्ठे सोडायचे, माल लावायचा, डबा खायचा.

बी.कॉम. झाल्यावर साड्यांचाच धंदा करायचं मनात होतं. बाबा म्हणाले, "धंद्यात गिऱ्हाईक नाव इचारते. नोकरीत काम इचारतात." म्हणून सरकारी परीक्षा दिल्या, वय निघून जाईपर्यंत. मग हे दुकान. सरकारी नसली तरी नोकरी, म्हणून धरून ठेवली.

लग्नसराईत गर्दी झाली. शेठजींनी खाली बोलावलं.

"तुझ्यासारखा शालू कोणाले दाखवता येत नाही गा. फक्त आडनाव इचारलं तर दुसरं सांगून दे."

"नाही सांगणार."

"काहून? तुझं काय जाते?"

चपला घातल्या. बाहेर पडलो.

आता शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला, भाड्याच्या गाळ्यात माझं दुकान आहे. बाबांचं अर्धं खरं निघालं. गिऱ्हाईक नाव विचारतं. मी सांगतो. काही बायका फोन आल्यासारखं करून उठतात. बसतात त्यांच्यावर भाडं कसंबसं निघतं. गोदामात बसल्यापासूनचा छातीतला बधिरपणा गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण शालू मीच अंगावर घेऊन दाखवणार. चालत नसेल त्यांनी दुकान बदलावं. इथे माणूस बदलून मिळणार नाही.