घोडटेंभ्यावरचा महाल

१९८४ च्या डिसेंबरात कौतिक सपकाळे चोपड्याच्या स्टँडवर एसटीतून उतरले, तेव्हा तोताराम पाटलाला वाटले, सातपुड्यावर स्वारीच आली. डोक्यावर सुपाएवढी हॅट, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर मोट ओढता येईल असा दोर, आणि बूट असे की एकेक उतरवायला हमाल लागावा. स्टँडवरची कुत्री भुंकायचे विसरली. पुढे कळले, ते मोजणी ऑफिसात बदलून आलेले कारकून होते आणि दुर्बिणीच्या एका नळीत काच नव्हती.

आठवडाभरात त्यांनी 'रविवार भ्रमण मंडळ' काढले. तोताराम केळीवाला. डोंगराशी त्याचे वैर नव्हते, तशी ओळखही नव्हती. पण वांग्याच्या भरतात तालुक्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि उपाशीपोटी भ्रमण करणारे मंडळ खान्देशात टिकत नाही.

ऊनपदेव झाले, थाळनेरचा पडका किल्ला झाला. पण सपकाळेभाऊंचा जीव अडकला होता घोडटेंभ्याच्या टेकडीत. पायथ्याशी कपाशी करणाऱ्या आक्काबाईच्या बांधावर त्यांनी नकाशा पसरला.

"उंची नऊशे चाळीस फूट. माथ्यावर हा चौकोन दिसतो? राणीचा महाल!"

"तुम्ही पाहिलाय का, भाऊ?"

"नकाशात असलेली वस्तू बघावी लागत नाही, तोताराम."

तोवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटू लागली होती. मंडळ चुलीच्या तीन दगडांभोवती बसले ते बसलेच.

"आधी महाल, मग भरीत!" भाऊ ओरडले.

"महाल काय पळून चाललाय? भरीत गार होतं."

एकट्याने चढायचे भाऊंना मंजूर नव्हते. मागे कोणी नसलेल्या माणसाला पुढारी कोण म्हणेल? ते खालूनच राणीची खिडकी दाखवत. मंडळ मान डोलवी, पण ती भाकरीकडे बघून. असे नऊ हिवाळे गेले. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी मिळून तो महाल बघावा, एवढेच त्यांचे मागणे होते. बायकोने साडीही इतकी वर्षे मागितली नसती.

१९९३ च्या जानेवारीत बदलीची कुणकुण लागली. त्या रविवारी मंडळ पायथ्याला पोचले, तर भाऊ नाहीत आणि वांग्यांची टोपली, भरीत ठेचायची बडगी, भाकऱ्यांचे गाठोडेही नाही. वरून हाक आली, "भरीत इथंच होईल!"

कुठलाही गड इतक्या लवकर सर झाला नसेल. तोताराम पहिला पोचला. भाऊ हॅट हातात धरून उभे होते. भोवती काटेरी झुडपे, आणि मधोमध चुना फासलेला एक दगड, त्यांच्याच ऑफिसने मोजणीसाठी रोवलेला. बाकी वीटही नव्हती.

मंडळाने झुडपांकडे पाहिले आणि "पऱ्हाट्या कुठंयत?" एवढेच विचारले. पऱ्हाट्या खाली कपाशीच्या वावरात होत्या. मंडळ उतरले. भाऊ सगळ्यात शेवटी.

आक्काबाई बांधावर बसली होती. तोतारामने तिला महालाचे विचारले. ती हसली. "महाल व्हय? तो ते मना आजलानी कवयच खाले लई टाका. गोठा, पायऱ्या, बठ्ठं तेनंच शे. नऊ वरीस व्हयनात, तुम्ही तेनाच दगडस्वर वांगा भुंजी राह्यनात!" म्हणजे तिच्या आजोबाने महाल केव्हाच खाली आणून गोठ्यात नि पायऱ्यांत घातला होता, आणि मंडळ नऊ वर्षे त्याच्याच दगडांवर वांगी भाजत होते.

भाऊ चुलीपाशी वाकले. रुमाल काढून चुलीचा एक दगड घासू लागले. काजळी निघाली, तशी कमळाची एक पाकळी दिसली. मग दुसरी. मंडळ वाकून बघू लागले. कोणाच्याही हातात भाकरी नव्हती.

"चांगलं घडवलंय हो, भाऊ," तोताराम म्हणाला. मग टोपली पुढे ओढून म्हणाला, "आता तेवढा दगड सरळ लावा. वांगी मांडायचीत."

चौकोन पायथ्याशी आणावा म्हणून भाऊंनी नकाशा दुरुस्तीचा अर्ज दिला. मार्चअखेर त्यांची भडगावला बदली झाली आणि मंडळ बंद पडले. नकाशात चौकोन अजून माथ्यावरच आहे.