इंझोरीच्या पटात उताणं पाखरू

गेल्या साली इंझोरीच्या पटात, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीत, भाऊजींचा हलका छकडा खळग्यावरून उडाला आणि भाऊजी खांदा मोडून घरी आले. यंदा पुन्हा उतरतो म्हणाले. कमळीनं, माझ्या धाकट्या बहिणीनं, मला निरोप धाडला: "दादा, तू मोटारी दुरुस्त करतं ना? मंग आमचा छकडा जमीन सोडणार नाही असं कर काई." झालं, निघालो!

अमरावतीहून कारंज्याची सर्व्हिस मोटार धरा, आणि पुढेच बसा. मागे नुसता फुफाटा. वाटेत मी तीन फळ्या खिडकीबाहेर धरून पारखल्या. सपाट फळी नुसतीच फडफडली. वाकवलेल्या पत्र्याच्या फळीनं हात कापला. घारीच्या पंखासारखी पोटाळ, म्हणजे एका बाजूनं फुगीर तासलेली सागाची फळी मात्र फुगवटा खाली केला की हात गुमान खाली दाबायची. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "हवा मोजून राह्यले का, बावा?" धनजला गरम भजी मिळतात, सोडू नका. कारंज्यापुढे बैलगाडी, हाडं मोजून घ्या.

इंझोरीत फळी छकड्यावर आवळून बांधली, फुगवटा खाली. घारीचा पंख म्हणून जरा मिरवलोही. सकाळी चाचणीला जोडी सुटली आणि काय सांगू, छकडा गेल्या सालापेक्षा जास्त उडाला! भाऊजी कसेबसे लटकले. धावत जाऊन पाहतो तर फुगवटा वर!

"मीनंच फिरवली," कमळी म्हणाली. "उताणं पाखरू मेलेलं असते, दादा. पटाच्या दिवशी असं कायले बांधतं?"

"अगं बाई, जितं पाखरू उडतं! आपल्याला उडायचंच नाही!"

मग फळीला हळदकुंकू लावून तिनं स्वतःच्या हातानं ती उलटवली. "मेलेलं नको म्हणू. निजलं म्हण."

पटात छकड्याची चाकं जमिनीला चिकटून राहिली. भाऊजी धड परतले. पण जोडी मागे पडली. "साळेबुवा, तुमच्या फळीनं बैलं दमवले ना!" ते दिवसभर फुरंगटून बसले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

निघताना कमळी वेशीपर्यंत आली. भाऊजी ऐकत नाहीत हे पाहून हळूच म्हणाली, "पुढच्या साली याच्याहून जोरानं खाली दाबणारी आण. त्याईले सांगू नको."

घरी आल्यापासून चौथी फळी तासतोय. फुगवटा जरा जास्तच ठेवलाय.