दिल्लीची ओटी

आमच्या घरात मत द्यायला जाण्याला ओटी घालायला जाणं म्हणतात. नातवंडं एकमेकांत तमिळ नाहीतर इंग्रजी बोलतात, पण हा एक शब्द मात्र बिनचूक वापरतात. तो आला कुठून, ते त्यांना ठाऊक नाही. एकदा सांगून टाकते, कारण या शब्दामुळं आमचं राहतं घर वाचलं होतं.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मद्रासचे लोक आम्हाला रायर म्हणत, म्हणून मी रायरम्मा. वेस्ट मांबलममध्ये एका घराच्या मागच्या भागात आम्ही भाड्यानं राहत होतो. मी, आमचे हे, सासू, सासरे आणि पुढं मुलं. पुढच्या भागात घरमालक, त्यांची बायको आणि मुलगा. मधे विहीर, ती दोन्ही घरांची. पाणी गोडं होतं आणि यांना ऑफिसला जायला स्टेशन चालत गाठता येई. बाकी त्या घरात वाखाणण्यासारखं काही नव्हतं. डास तर दिवसाही चावत.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक आली तेव्हा मी नवी सून होते. दारोदार माणसं यायची, हात जोडायची आणि तमिळमध्ये म्हणायची, "अम्मा, ओट्टु द्या." व्होटला तमिळ लोक ओट्टु म्हणतात. तो शब्द तेव्हा नवा होता. सासूबाई जन्मापासून तमिळ बोलत आलेल्या, पण हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तो आपल्या परीनं ऐकला.

"पुरुषांनी ओटी मागायची ही कुठली रीत?" त्या मला म्हणाल्या. "आणि भरायची कुणाची?"

मी म्हटलं, "त्यांच्या बायकांची असेल." मला तरी काय कळत होतं? शाळा म्हणाल तर पाचवीपर्यंत, तीही तमिळमधली.

मतदानाच्या दिवशी सासूबाई ताटात तांदूळ, नारळ, विडा आणि खण घेऊन निघाल्या. घरमालकांची बायको, तिला मी अक्का म्हणत असे, तीही बरोबर होती. शेजारच्या शाळेत दोन खोल्या केल्या होत्या. एका खोलीत दिल्लीच्या पेट्या, दुसरीत इथल्या विधानसभेच्या. तेव्हा एका कागदावर सगळी चित्रं नसत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र, आणि पडद्यामागं जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. सासूबाई ताट घेऊन पडद्यामागं गेल्या त्या बाहेर येईनात. अधिकाऱ्यानं विचारलं तर आतून म्हणाल्या, "इथे तर एकही बाई नाही. ओटी भरू कुणाची?"

अक्कानं बाहेरून ओरडून सांगितलं, "ताट ठेवा, कागद टाका."

त्यांनी प्रत्येक पेटीपुढं चिमूटभर तांदूळ ठेवले, कुणी रुसायला नको म्हणून. नारळ कुठल्या पेटीला दिला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. परत येताना अक्का हसून हसून रस्त्यात बसली. पुढं कितीतरी दिवस विहिरीवर पाणी ओढताना ती मला विचारायची, "काय रायरम्मा, आज कुणाची ओटी?"

दुसऱ्या खेपेला सासूबाई शहाण्या झाल्या होत्या, तरी शब्द तोच राहिला. दिल्लीची ओटी आणि इथली ओटी. तिसऱ्या खेपेला पेट्या गेल्या आणि शिक्का आला. दिल्लीची आमच्या भागातली जागा पहिल्या दोन्ही वेळी सत्तेवरच्या पक्षाकडं होती, ती त्या खेपेला गेली. सासरे त्या पक्षाचे. त्यांनी दोन दिवस ताक सोडून काही घेतलं नाही. घरमालक दुसऱ्या बाजूचे. त्यांनी दाराला केळीचे खांब बांधले. पण विहीर दोघांची, आणि सासरे बोलायला लागले की घरमालक ऐकून घेत. तोवर कुणाच्या घरात कुणाचं चित्र लागतं यावरून भांडण होत नव्हतं.

मग दिल्ली हिंदी लादते म्हणून रान पेटलं. घरमालकांचा मुलगा कॉलेजात होता. तो मोर्चात गेला आणि लाठी खाऊन आला. कोपराचं हाड नीट बसलं नाही, हात वाकडाच राहिला. त्याला उजव्या हातानं घास तोंडापर्यंत नेता येत नसे. अक्का त्याला भरवायची ते मी पाहिलं आहे, एवढा मिशा फुटलेला मुलगा. त्यानंतर घरमालक सासऱ्यांशी बोलेनासे झाले. सासऱ्यांनी काही केलं नव्हतं, पण त्यांचा पक्ष सरकारात होता आणि लाठी सरकारची होती.

चौथी निवडणूक आली ती ह्यानंतर. सासूबाईंचा डावा पाय तोवर हत्तीपायानं इतका सुजला होता की खाटेवरून न्हाणीघरापर्यंत जायला त्यांना माझा खांदा लागे. रोज संध्याकाळी गरम पाण्यानं शेकलं नाही तर रात्रभर ठणका. तळमजल्यावरचं, जिना नसलेलं, विहीर दाराशी असलेलं घर सोडून त्यांना कुठं न्यायचं, हा विचार मी करतच नसे, कारण उत्तर नव्हतं.

अशात सासऱ्यांच्या पक्षाचा कुणी माणूस येऊन त्यांना म्हणाला, "मतदारसंघातली रायरांची घरं तुम्ही सांभाळा." झालं. त्यांनी मराठीत पत्रक लिहिलं आणि संस्कृत पोथ्या छापणाऱ्या एका छापखान्यातून छापून आणलं. बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत, मोठ्या ठसठशीत अक्षरांत. गठ्ठे रिक्षानं आले.

मी म्हटलं, "मामंजी, आपल्यातले निम्मे लोक तमिळच वाचतात. हे वाचणार कोण?"

"शिकतील," ते म्हणाले.

"निवडणुकीच्या आत?"

ते गठ्ठे मोजायला लागले.

गठ्ठे माजघरात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू मारताना दार उघडं राहिलं आणि एक पत्रक वाऱ्यानं उडून विहिरीच्या कठड्याला चिकटलं. घरमालकांचा मुलगा दात घासत होता. त्यानं डाव्या हातानं ते उचललं, अक्षरांवरची आडवी रेघ पाहिली, आणि ते घेऊन आत गेला.

घरमालक बाहेर आले ते बनियनवरच. पत्रक त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"माझ्या घरात इंदी छापून ठेवलंत?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "या पोराचा हात बघितलात ना? महिनाअखेर घर रिकामं करा."

सासरे बाहेर आले. त्यांनी लिपी म्हणजे काय, भाषा म्हणजे काय, संस्कृत कशी याच अक्षरांत लिहितात, असं सुरू केलं. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस कुठल्या वेळी गप्प बसावं ते विसरतो. घरमालक त्यांच्याकडं पाहतही नव्हते. आमचे हे टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. सरकारी नोकरी, घरात प्रचाराचे गठ्ठे, त्यांच्या तोंडून काय निघणार? मला डोळ्यांपुढं सासूबाईंची खाट दिसत होती, हातगाडीवर चढवलेली.

आतून त्यांचाच आवाज आला. "काय पुसतो तो?"

मी सांगितलं, "हे हिंदी आहे म्हणतात."

"मग वाचून दाखव की. त्याला कान नाहीत?"

मी घरमालकांच्या हातून कागद घेतला. बाळबोध मला वाचता येई, पण सावकाश. आजोबांनी पोथीपुरती शिकवली होती. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. सासऱ्यांनी लिहिलं होतं ते आम्ही घरात बोलतो तसंच, अर्धं तमिळ मिसळलेलं. आमच्या तेरूतल्या सगळ्यांना नमस्कार, असं पहिलं वाक्य. तेरू म्हणजे तमिळमध्ये गल्ली. घरमालकांच्या भुवया जरा हलल्या. पुढं तण्णीचा त्रास, म्हणजे पाण्याचा, आणि डासांचा. आणि मग: "दिल्लीची ओटी विचार करून घाला."

अक्का दारात उभी होती. तिच्या तोंडून फस्सकन हसू निघालं. तिनं पदर तोंडावर धरला, तरी ते थांबेना.

"काय झालं?" घरमालक तिच्यावर खेकसले.

"ओटी," ती म्हणाली. "अहो, ही तीच ओटी. म्हातारीनं नारळ नेला होता ती. आता छापून आणलीय."

"म्हणजे इंदी नाही हे?"

"इंदी मी रेडिओवर ऐकते. ती अशी नसते. ह्या भाषेत ही सासू-सून रोज भांडतात. इतकी वर्षं ऐकताय तुम्ही."

मुलगा म्हणाला, "पण अप्पा, अक्षरं इंदीचीच आहेत."

"अक्षरं असतील," अक्का म्हणाली. "भांडण त्यांचं आहे."

घरमालकांनी माझ्या हातून कागद परत घेतला. मग सासऱ्यांना, कितीतरी दिवसांनी, सरळ विचारलं, "सार, तुम्ही खरंच ओटी छापलंत? ओट्टु नाही?"

सासरे म्हणाले, "घरात तोच शब्द आहे." आणि तेही हसले, मनात नसताना.

"हे कागद बाहेर कुणी बघितले तर लोक मला पुसणार नाहीत ही कुठली भाषा. दगड मारतील," घरमालक म्हणाले. "उद्या माझ्या घरात एकही दिसता कामा नये. ओट्टु कुणाला घालता ते मी पुसत नाही."

"आणि घर?" मी विचारलं. सगळे पुरुष तिथंच असताना मी कधी त्यांच्याशी थेट बोलत नसे.

"घराचं काय? राहा की," ते म्हणाले आणि दात घासायला गेले.

मी त्याच दिवशी न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात पत्रकं घालायला सुरुवात केली. कागद जाड होता, धूर फार झाला, पण पाणी चांगलं तापलं. सासूबाईंचा पाय शेकताना त्या म्हणाल्या, "मोठ्या पक्षाचा कागद दिसतो. ऊब टिकते." सासरे भिंतीकडं तोंड करून बसले होते. शेवटचा गठ्ठा मात्र त्यांनीच उचलून आणला. "हा दमट आहे," ते म्हणाले. "आधी उन्हात घाल." मी म्हटलं, उन्हात घातला तर पुन्हा उडेल. तो तसाच घातला.

मतदानाच्या दिवशी सासूबाई हट्टाला पेटल्या, ओटी चुकवणार नाही. घरमालकांच्या मुलानं आपल्या पक्षाची रिक्षा दाराशी आणली, झेंडे लावलेली. सासरे गल्लीच्या टोकापर्यंत दुसऱ्या बाजूनं चालत गेले, ती रिक्षा पाहायला नको म्हणून. त्या वाकड्या हाताच्या मुलानं आणि मी मिळून सासूबाईंना वर चढवलं. त्यांनी कुणाला मत दिलं ते नारळासारखंच राहिलं.

निकाल लागला. सासऱ्यांचा पक्ष दिल्लीच्या जागेवरही पडला आणि मद्रासच्या सरकारातूनही गेला. गल्लीत फटाके वाजले. संध्याकाळी घरमालक आमच्या दारात येऊन उभे राहिले. जिंकलेला माणूस काल दिलेला शब्द आज पाळेलच असं नाही. मी पदर सावरून पुढं झाले.

"रायरम्मा," ते म्हणाले, "बॉयलरचे कागद संपले असतील ना? आमच्याकडं पोस्टरं उरलीत. म्हातारीच्या पायाला होतील. मुलाला आणून टाकायला सांगू?"

मी हो म्हटलं. आत जाऊन खाटेवर, सासूबाईंच्या पायाशी, जरा वेळ बसले. चूल पेटवायची होती, पण उठवेना. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत होता?"

"पाणी तापवायला कागद देतो म्हणाला."

"कुणाचे?"

"त्याच्याच पक्षाचे."

"दे म्हणावं," त्या म्हणाल्या आणि पाय पुढं केला.