प्यायचं पाणी
गॅलरीतल्या निळ्या ड्रमचं झाकण काढलं, की उन्हाने तापलेल्या पाण्याचा प्लास्टिकसारखा वास येतो आणि मला ते धरण आठवतं. तेव्हा मी अर्नाळ्याच्या एका बोटीवर खलाशी होतो. मासेमारीची बंदी लागलेली, बोटी वाळूवर चढवलेल्या, म्हणून आम्ही बोटीवरचे सगळे मिळून एका धरणावर सहलीला गेलो. दिवसचे दिवस खोल समुद्रात काढणारी माणसं तिकीट काढून तलावातल्या लाँचमध्ये बसली होती आणि लाइफ जॅकेटमध्ये एकमेकांना बघून हसत होती. सुकटीची चटणी-भाकरी खाल्ल्यावर मी कडेला वाकून हात धुवायला लागलो, तर समुद्रात आमची बोट चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाने माझं मनगट धरलं. “हात नको बुडवू रं. प्यायचं पानी हाय ते.” एकजण म्हणाला, “काका, अख्खं धरण हाय, संपनार हाय का?” म्हातारा हसला नाही. समुद्रात बंद पडलेल्या बोटीवर, पाण्याचा ड्रम कोरडा पडल्यावर, त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच मांडीवर गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने वाकून एक बाटली भरून घेतली. परतीच्या बसमध्ये ती कोणाला दिली नाही, स्वतःही प्यायला नाही. अर्नाळ्याला उतरल्यावर तो सरळ किनाऱ्यावर गेला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि बाटली समुद्रात ओतली. मग ती तशीच उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबला. आता मी विरारला राहतो, नोकरी करतो. आज टँकर आला नाही. बादलीवर ड्रम तिरपा धरून मी बराच वेळ उभा होतो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, संपलं पाणी.”