चार्ज दिल्याशिवाय

तिचे बूट वाजायचे नाहीत. पांढरे, रबरी तळव्यांचे, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला घेतलेले. मी डोळे उघडावेत तर ही खाटेपाशी उभी. पहिल्याच दिवशी दचकून मी ओरडले, "मांजर आहेस का तू?" तेव्हापासून ती मनीमाऊ, आणि हाक मारायला सोपं म्हणून नुसतीच मनी. खरं नाव तिच्या सर्टिफिकेटवर होतं, आणि त्या सर्टिफिकेटला कुठे कुणी विचारत नव्हतं.

मी टपाल कचेरीच्या खिडकीमागे उभा जन्म काढला. लोकांवर ओरडायची सवय तिथलीच. निवृत्त झाले, आता निवांत बसू म्हटलं, तर न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. घरात मी आणि मुलगा, दोघंच. त्याची पाळीची नोकरी, बारा-बारा तासांची. त्याने घरी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन करून सांगितलं, "नर्स वगैरे नको, दिवसरात्र आईजवळ बसणारी एखादी मुलगी द्या." ब्यूरोवाल्या बाईने मनीला पाठवलं आणि वर बजावलं, "नर्स आहेस हे बोलू नकोस. लोक घाबरतात. ताई म्हणून जा."

पण लपतंय कुठे! हात धुवायची ते कोपरापर्यंत. चादर घालायची ती अशी ताणून, की मला कूस बदलायला लाज वाटावी. आणि काहीही करायच्या आधी ते मला सांगायची. "आजी, आता मी तुमच्या पाठीखाली हात घालते आहे." "आजी, आता आपण डाव्या कुशीवर होणार आहोत." मी म्हणायचे, "होणार ते मी, तू कशाला होतेस?" तिला हसू यायचं, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. तसंच शिकवलं होतं तिला.

एकदा मुलाचा फोन आला तेव्हा ती माझ्यासमोरच म्हणाली, "पेशंट जेवले. पेशंटने औषध घेतलं, पण कुरकुर केली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवल्यावर मी तिला चांगलं फैलावर घेतलं. "पेशंट कुणाला म्हणतेस? जिवंत बसलेय मी इथे. मला नाव नाही?"

तिने खाली मान घातली. "सवय आहे आजी. पेशंट म्हटलं की मला मीसुद्धा नर्स वाटते."

मी भिंतीकडे तोंड केलं.

तिच्या घरचं मला हळूहळू कळत गेलं. वडील माल पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर, आई एका कँटीनमध्ये स्वयंपाकाला, धाकटा भाऊ शिकतोय. ती पास झाली तेव्हा वडील ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले होते, "आमची सिस्टर झाली बरं का!" सुरुवातीला ती मुलाखतीहून आली की ते दारातच विचारायचे, "काय झालं?" मग नुसतं बघायचे. आता बघतही नाहीत. विचारतात, "जेवलीस का?" मनी म्हणाली, "बाबांनी तसं विचारलं ना आजी, की मला तोंडात घास घालवत नाही."

सुट्टीच्या दिवशी ती मुलाखतींना जायची. तिच्या वर्गातल्या मुलींचा मोबाइलवर ग्रुप होता. कुठे जागा निघाली की जिला कळेल ती तिथे टाकायची, आणि मग सगळ्याजणी जायच्या. "तिथे गेलं की अख्खा वर्ग भेटतो," ती म्हणायची. "फक्त फळा नसतो." पुढे पुढे वर्गही विरळ होत गेला. एक मुलगी दुकानात चेहऱ्याला लावायची क्रीमं विकायला लागली. एक फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला. एकीने लग्न केलं आणि ग्रुपमधून निघून गेली.

प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडून तोच प्रश्न. अनुभव किती? ही सांगायची, शिकताना वॉर्डात काम केलंय, रात्रपाळ्या केल्यात, बाळंतपणं बघितलीत. ते म्हणायचे, तो शिक्षणाचा भाग झाला, नोकरीचा अनुभव सांगा. एका ठिकाणी म्हणाले, एखादं वर्ष कुठेतरी काम करून या. कुठेतरी म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसावं. "पलीकडच्या खिडकीवर जा" हे वाक्य मी जन्मभर म्हणत आले, त्यामुळे त्यातली मेख मला बसल्याजागी कळते. पलीकडच्या खिडकीवर माणूस नसतो.

"आणि माझ्याकडे तुझं काम चाललंय, ते?" मी विचारलं.

"ते घरकाम धरतात."

असं ऐकलं की मला त्या टेबलांपलीकडच्या लोकांना माझ्या खिडकीसमोर रांगेत उभं करावंसं वाटायचं. भर उन्हात, आणि सुट्टे पैसे आणा म्हणून परत पाठवायचं.

हात हलवत परत आली की ती बूट काढून स्टुलावर बसायची आणि भिंतीला डोकं टेकायची. रडायची वगैरे नाही. नुसती दमलेली असायची. एवढ्या कोवळ्या वयात माणसाने असं दमू नये. मग उठायची, हात धुवायची, आणि माझ्या हाताकडे बघायची. हे तिचं वेडच होतं. माणूस भेटला की ती तोंड बघत नसे, हाताच्या शिरा बघायची. स्वतःच्या मनगटावर रबर बांधून शिरा चाचपायची. "हात विसरतात हो आजी," म्हणायची. "सुई धरली नाही तर हात विसरतात. आणि मग अनुभव मागणारे खरे ठरतील." माझा हात हातात घेऊन एकदा म्हणाली, "तुमच्या शिरा किती छान आहेत!" माझ्या नवऱ्याने हयातभरात माझ्या कशाचीच एवढी स्तुती केली नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी फोन आला. एका इस्पितळात तिचं नाव वेटिंग लिस्टवर पडून होतं. निवड झालेली मुलगी आलीच नाही. उद्या सकाळी दहाच्या आत हजर व्हा, नाहीतर आम्ही पुढच्या मुलीला बोलावू. मनीने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "हो सर, हो सर" एवढंच म्हणत होती. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आजी, आता मी तुम्हाला एक सांगणार आहे." सांगायच्या आधी सांगायची सवय इथेही सुटली नाही.

ब्यूरोवाल्या बाईने बदली मुलगी सकाळी लवकर पाठवते म्हणून कबूल केलं. मुलगा पहाटेच पाळीवर गेला, बदली येतेय म्हणून निर्धास्त. मनी आंघोळ करून, केस चापूनचोपून बांधून, पिशवी दाराशी ठेवून तयार. बूट तिने रात्रीच पांढरे करून ठेवले होते.

बदली आली नाही.

ब्यूरोला फोन केला. "निघालीये, पोचतेच आहे." परत केला. "रस्त्यात आहे." मग त्या बाईने फोन उचलणंच बंद केलं. मुलाचा फोन कामाच्या वेळात लॉकरमध्ये असतो. शेजारीपाजारी सगळे कामावर गेलेले. मनी खिडकीत जायची, यायची, माझी चादर सरळ करायची. चादर मुळात सरळच होती.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. ती बदली येऊच नये असं वाटत होतं. मनी गेली तर परत माझ्या नशिबी कोण येणार? कुणीतरी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणारी. दहा वाजून जाऊ देत, मग काय, राहील इथेच, असं माझ्या मनात चक्क येऊन गेलं.

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती स्टुलावर ताठ बसली होती. डोकं भिंतीला टेकलेलं नव्हतं. आज पहिल्यांदाच तिने ते टेकलं नव्हतं.

"जा तू," मी म्हणाले.

"चार्ज दिल्याशिवाय जाता येत नाही आजी."

"कसला चार्ज?"

तिने समजावून सांगितलं. वॉर्डात पाळी संपली म्हणून नर्सला उठून जाता येत नाही. पुढची नर्स आली पाहिजे. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून तिला पेशंटचं सगळं तोंडी सांगायचं. ती 'घेतला' म्हणाली की मगच पाय उचलायचा. शिकत असताना त्यांच्यातली एक मुलगी बस चुकेल म्हणून तशीच निघून गेली, तर मोठ्या सिस्टरने तिला स्टँडवरून परत आणवलं होतं.

"अगं पण इथे कोण बघतंय? हा काय वॉर्ड आहे?"

"पेशंट तर आहे ना."

अशा मुलीला लोक अनुभव विचारतात. मला तिचा राग आला, त्यांचा आला, त्या ब्यूरोवालीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या खुब्याचा. मी वॉकर जमिनीवर आपटला.

"मला दे चार्ज."

"पेशंटला नाही देत."

"का नाही देत? चार्ज घेणं-देणं जन्मभर केलंय मी. दे म्हणते ना! उभी राहा तिकडे."

ती उठली. क्षणभर घोटाळली. मग पाण्याचा तांब्या, गोळ्या, फोन, बेडपॅन, सगळं तिने माझ्या हाताशी लावलं, वॉकर खाटेला टेकवला, आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. हात मागे, नजर समोर. आवाजसुद्धा बदलला.

"पेशंट स्त्री. उजव्या खुब्याचं ऑपरेशन. जखम कोरडी. रात्री झोप कमी. मी बघायला आले की झोपल्याचं सोंग घेतात, त्यावर विश्वास ठेवू नये. दुखत असेल तर पेशंट सांगत नाहीत, चिडतात. फार चिडल्या तर गोळीची वेळ तपासावी. भिंतीकडे तोंड केलं तर बोलायला जाऊ नये, थोड्या वेळाने पाणी हवंय का विचारावं. पाणी नको असतं, पण विचारलेलं चालतं."

इतके दिवस मी समजत होते की मीच हिला ओळखून आहे.

"मुलगा घरी आला की पेशंट 'बरी आहे' म्हणतात. तेव्हा बरं नसतं. तो दमून येतो म्हणून सांगत नाहीत. चालणं टाळतात. पडायची भीती नाही. पडल्यावर उचलायला कुणी नसेल, याची आहे." इथे ती थांबली. आवाज पुन्हा तिचा स्वतःचा झाला. "आणि आता पेशंटजवळ कुणीच नाही."

"आहे," मी म्हणाले. "चार्ज घेतला."

ती हलेना.

"घेतला म्हटलं ना! ऐकू येत नाही? पळ आता."

तिने वाकून माझ्या पायावरची चादर उगाच एकदा सरळ केली, पिशवी उचलली, आणि बदलीला आत येता यावं म्हणून दार नुसतं लोटून घेतलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचे बूट वाजलेले ऐकले. जिन्यावरून धाडधाड, दोन-दोन पायऱ्या. इमारतीचं खालचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. मी फोन छातीवर ठेवून पडून राहिले. रडू आलं ते येऊ दिलं, बघायला कोण होतं?

बदली आली ती दुपारी. पत्ता सापडला नाही म्हणाली. मी तिला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं आणि माझा चार्ज द्यायला लागले, पण तिचं लक्ष होतं प्लग कुठे आहे इकडे. फोनला चार्जिंग नव्हतं. मी अर्ध्यावर थांबले. तिने काही 'घेतला' म्हटलं नाही.

संध्याकाळी मनीचा फोन आला. मागे कुणीतरी मोठमोठ्याने हाका मारत होतं, ट्रॉलीचा खडखडाट चालला होता. पोचली होती वेळेत, अगदी शेवटच्या क्षणाला. घेतलं तिला. ट्रेनी म्हणून, सहा महिन्यांपुरतं, आणि पगार इतका की सांगायची तिलाच लाज वाटली. दिवसभर काम झालंच होतं, वर आजपासूनच रात्रपाळी. सबंध वॉर्डाला दोघीजणी. "पाय गेलेत आजी," म्हणाली. "पण सुई लागली. पहिल्याच वेळी." मग घाईघाईने, "बदली आली ना? चार्ज दिलात?"

"दिला," मी ठोकून दिलं. तिला पलीकडून कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारली, आणि फोन तसाच कट झाला.

मुलगा आला तेव्हा अंधार पडला होता. बदली मुलगी स्वयंपाकघरात होती. त्याने नेहमीसारखं दारातूनच विचारलं, "आई, बरी आहेस ना?" आणि उत्तर ठरलेलंच असल्यामुळे तो बोलता बोलता आत निघालासुद्धा होता. माझ्याही ओठांवर ते ठरलेलं उत्तर आलं. पण चार्ज अजून माझ्याकडेच होता.

"नाही," मी म्हणाले. "दुखतंय. सकाळपासून दुखतंय. इथे बस जरा."

तो थांबला. बॅग खांद्यावर तशीच ठेवून, बूटही न काढता, मनीच्या स्टुलावर येऊन बसला.