वीस किक, एकही कट नको

बार्शीच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझा बायोडेटा बघायला मागितला. पुण्याची गाडी लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून घाई करत होता आणि माझे वडील सावकाश चष्मा पुसत होते.

"दाखव बघू, काय लिहून चाललायस तिकडं."

दोन पानं होती. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. एका ओळीवर बोट ठेवून ती परत वाचली. मग कागदांची होती तशीच घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि विचारलं, "यात लिहिलंय ते सगळं तुला येतं ना?"

"हो, अण्णा."

गाडी सुटली. मी खिडकीतून हात हलवला. त्यांनी हलवला नाही. जपानला निघालेल्या एकुलत्या एका मुलाला माणूस हात हलवून निरोपही देत नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तो हात का हलला नाही हे मला गेल्या वर्षी कळलं, आणि तेही एका खेळामुळे, ज्याचं नावसुद्धा अण्णांनी कधी ऐकलं नसेल.

अण्णा मोजणीदार होते. सरकारी साखळी खांद्यावर टाकून तालुकाभर जमिनी मोजत फिरायचे. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे सुट्टीत ते मला बरोबर न्यायचे. साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. हात दुखला की मी ती सैल सोडायचो, आणि ते बांधावरून ओरडायचे, "ताणून धर! ढिल्या साखळीनं एकाची जमीन दुसऱ्याकडं जाते."

आणि त्यांच्या मुलाच्या बायोडेटात दोन वर्षांचा खोटा अनुभव होता. पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसानं आपल्या छोट्या कंपनीच्या लेटरहेडवर पत्र दिलं होतं. त्या काळी बरेच जण असं करायचे. मी फक्त स्वतःबद्दल बोलतो. टोकियोच्या प्रोजेक्टवर एकच जागा होती. तिची बातमी मला नितीननं आणून दिली. तोही बार्शीचाच, हॉस्टेलवर माझा रूममेट. इंटरव्ह्यू आम्ही दोघांनी दिला. नितीननं सांगितलं, अनुभव नाही, पण शिकेन. मी पत्र पुढं केलं.

इथं आल्यावर मी जिवाच्या भीतीनं शिकलो. सहा महिन्यांत ते सगळं मला येऊ लागलं. म्हणजे खोटं होतं ते खरं झालं, अशी मी मनाची समजूत घातली. मग लग्न झालं, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं, ईशान झाला. माधुरीनं आणि मी त्याला इंडियन स्कूलमध्ये न घालता जवळच्या जपानी शाळेत घातलं. आम्ही मराठीत बोलतो, तो अर्धं जपानीत उत्तर देतो. इकडे आलेल्यांना हे सांगायला नको. तिकडे राहिलेल्यांना वाटतं मूल परकं झालं. तसं नसतं. फक्त घाई असली की त्याला जपानी लवकर सापडतं.

हायस्कूलच्या क्लबात तो अमेरिकन फुटबॉल खेळू लागला. फोनवर नितीनला सांगितलं तर तो हसत सुटला. "फुटबॉल म्हणतोस आणि हातात धरून पळतात? मग पाय कशाला दिलेत लेका देवानं?"

पण ईशान पायानंच खेळणारा होता. त्या खेळात धिप्पाड पोरं एकमेकांवर आदळत असतात आणि एक किडकिडीत मुलगा बाजूला उभा असतो. त्याला दोन-तीनदाच बोलावतात. सोललेल्या नारळासारखा तो लांबट चेंडू त्यानं दोन उंच खांबांमधून पलीकडे मारायचा, किंवा हातातून सोडून आभाळात इतका उंच पाठवायचा की खाली येईपर्यंत आपली माणसं धावत पोचली पाहिजेत. मारला तर कुणी फारसं बघत नाही, चुकला तर सगळं मैदान बघतं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघात शंभरेक मुलं असली तरी असा किकर एखाद-दुसराच असतो. तो पदवी घेऊन बाहेर पडला की जागा रिकामी होते. म्हणून किकरला बघायला कोच फारसे कुठं जात नाहीत, व्हिडिओ मागवतात.

ईशाननं चाळीस ठिकाणी मेल पाठवले. एका कोचचं उत्तर आलं. वीस किक, एकाच ठिकाणाहून, एकापाठोपाठ एक. कॅमेरा हलवायचा नाही, एकही कट नको, चुकलेल्यासुद्धा दिसू देत.

रविवारी पहाटे आम्ही सायकली घेऊन आराकावा नदीकाठच्या रग्बीच्या मैदानावर जायचो. ट्रायपॉड लावायचा. मी गवतात गुडघा टेकून एका बोटाच्या टोकानं चेंडू उभा धरायचो, ईशान धावत येऊन मारायचा. चेंडू सुटला की माझ्या बोटाला वारा लागायचा. खरं सांगतो, एवढ्या वर्षांच्या टोकियोत माझे सर्वांत सुखाचे तास तेच. शेवटी तो घोट्यावरची पांढरी टेप काढून खिशात ठेवायचा, कारण नदीकाठी कचऱ्याची पेटी नसते, आणि आम्ही कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या कोनबिनीतून गरम कॉफीचे कॅन घेऊन घरी यायचो.

त्या रविवारी वीसपैकी सोळा गेल्या. "व्हिडिओ तू अपलोड कर ना बाबा," म्हणून ईशान क्लबला निघून गेला.

मी लॅपटॉप उघडला. आमच्या धंद्यात क्लायंटला डेमो दाखवताना जिथं सॉफ्टवेअर अडखळतं तिथं माऊस नेतच नाहीत. त्यात कुणाला खोटं वाटत नाही. मी चुकलेल्या चार किक काढल्या आणि आधीच्या रविवारच्या चार त्या जागी बसवल्या. मैदान तेच, टी-शर्ट तोच, आभाळ तसंच ढगाळ. तासाभराचं काम. माझा हात थरथरलासुद्धा नाही. बावीस वर्षांपूर्वीही थरथरला नव्हता.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, कोचचा व्हिडिओ कॉल आला. ईशान इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, मी त्याच्या शेजारी. माधुरी बाल्कनीत गादी वाळत घालत होती. कोच टोपी घातलेला, बोलायला मोकळा माणूस. त्यानं स्क्रीनवर आमचा व्हिडिओ लावला.

"वीसपैकी वीस," तो म्हणाला. "चार वेळा पाहिलं मी हे. यंदा आमच्याकडे जागा एकच आहे. आणखी एक मुलगा आहे, वीसपैकी सतरा. पण हे बघितल्यावर..."

ईशान माझ्याकडे वळला. त्याला वाटलं, कोच चुकून बोलतोय. मग तो स्क्रीनकडे बघत राहिला. पाचवी किक. सहावी. त्यानं आपला माईक बंद केला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"बाबा, कोरे नानी?" हे काय आहे?

पाचव्या किकला त्याच्या घोट्यावर टेप होती. सहावीला नव्हती. सातवीला परत होती. आधीच्या रविवारी त्यानं टेप लावलीच नव्हती. मी तासभर ढग जुळवत बसलो होतो, पोराच्या पायाकडे बघितलंच नव्हतं.

"नंतर बोलू," मी पुटपुटलो.

त्यानं माईक चालू केला. "सर, हा एक व्हिडिओ नाही. यातल्या चार किक वेगळ्या दिवशीच्या आहेत. त्यांच्या जागच्या मूळ चार मी चुकवल्या होत्या. आमच्याकडून चूक झाली, माफ करा."

आणि तो वाकला. इथल्या मुलांसारखा, कमरेतून, कपाळ कीबोर्डला टेकेपर्यंत.

पायांखालची जमीन सरकते म्हणतात, ते खोटं आहे. जमीन जागेवरच राहते. आपणच तिच्यावर कुठं उभे आहोत हे कळेनासं होतं.

"हे कुणी केलं?" कोचनं विचारलं.

ईशान काही बोलला नाही. मीही बोललो नाही. हे सगळं लिहायला बसलो ते याच एका वाक्यासाठी. त्याच्यापासून वीतभर अंतरावर मी बसलो होतो. मला इंग्रजी येत होतं, उत्तर माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो. ज्या कोचला वाटलं की लबाडी या मुलाची आहे, त्याला मी तसं वाटू दिलं.

कोचनं टोपी काढली, परत घातली. "न कापलेला पाठव. मग बघू." स्क्रीन काळी झाली.

मला वाटलं, ईशान ओरडेल. त्यानं हळू आवाजात विचारलं, "बाबा, तो सतरावाला मुलगा कोण आहे, तुला माहितेय?"

"नाही रे."

"मलापण नाही," तो म्हणाला आणि सायकलची किल्ली घेऊन निघून गेला.

माधुरी गादीची झटकणी हातात धरून दारात उभी होती. "अहो, तुमच्या डोळ्यांदेखत पोरगं तुमच्यासाठी वाकलं, आणि तुम्ही बसून राहिलात?"

त्याच दिवशी दुपारी मी कोचला तीन ओळी लिहिल्या. व्हिडिओ मी कापला. मुलाला माहीत नव्हतं. कॉलवर मी घाबरून गप्प बसलो. उत्तर आलं नाही.

आठ दिवस ईशान माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी, रविवारी, सायकलपाशी उभा राहून म्हणाला, "चल. धरायला माणूस लागतो." मूळ व्हिडिओ मी कापाकापी झाल्यावर पुसून टाकला होता, त्यामुळे नवाच काढायचा होता. या वेळी माधुरी कॅमेऱ्यापाशी उभी राहिली. नवव्या किकला माझं बोट थरथरलं, चेंडू कलला आणि खांबाला आपटून बाहेर गेला.

"ही माझी चूक," मी म्हणालो. "ही सोडून दे, परत मार."

"राहू दे बाबा. कट नाही."

पंधरा गेल्या. व्हिडिओ त्यानं स्वतः पाठवला.

महिन्याभरानं मेल आला. जागा दुसऱ्या मुलाला दिली होती. खाली एक ओळ होती, की तुम्हा दोघांचेही मेल मिळाले. मी खोलीच्या दाराशी उभा होतो. ईशाननं त्या मुलाचा व्हिडिओ शोधून काढला होता. शांतपणे बघत होता. "उमाइ," तो म्हणाला. कसलेला आहे हा. मग माझ्याकडे न बघता, "चांगल्याला मिळाली, बाबा."

त्याच क्षणी मला नितीन आठवला. आठवला म्हणजे काय, विसरलो कधी होतो! आमच्या बार्शीच्या घराच्या पुढच्या खोलीत तो बावीस वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवतो. अण्णांनी एकटेपण नको म्हणून भाडेकरू ठेवला, असं मी धरून चाललो होतो. अण्णा वारल्यावर घर विकायचं म्हणून मी नितीनला दोनदा खोली रिकामी करायला सांगितलंही होतं. "उन्हाळ्याची बॅच होऊ दे," एवढंच तो म्हणाला होता.

मी फोन लावला आणि पत्राचं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "लेका, त्या पत्राची झेरॉक्स कुणी काढून आणली होती? तुला ताप होता त्या दिवशी."

खरंच, त्यानंच आणली होती. "मग तू बोलला का नाहीस?"

"बोलून काय, दोघंही बार्शीत बसलो असतो. ते सोड. अण्णांना पण माहीत होतं."

"काय?"

"तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आले माझ्या. म्हणाले, बायोडेटात लिहिलेल्या साली हा नोकरीला होता म्हणे. त्या साली तर याला कावीळ झाली, मी पंधरा दिवस हॉस्टेलात याच्या उशाशी बसलो होतो. तारखा जुळत नाहीत. जागा किती होत्या? मी म्हटलं, एक. दुसरा कोण होता? मी म्हटलं, मीच की. चहा पिऊन गेले. आठवड्यानं पुढची खोली झाडून चावी आणून दिली. म्हणाले, हितं क्लास काढ."

मी फोन ठेवला. स्टँडवर एका ओळीवर थांबलेलं बोट. परत वाचलेली ती ओळ. त्यांना तिथंच कळलं होतं. तरी त्यांनी कागद माझ्या खिशात ठेवला, मला एकदा खरं बोलायची संधी दिली, आणि मी "हो अण्णा" म्हणालो. मग ते घरी गेले आणि माझ्या ढिल्या साखळीत दुसऱ्याचं जेवढं आलं होतं, तेवढं आपल्या घरातून काढून दिलं. मरेपर्यंत मला कळू दिलं नाही.

घर म्हणजे आपण मागे सोडून आलो ते, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता वाटतं, जिथं कुणीतरी आपलं खरं माप घेतलेलं असतं आणि तरी आपल्याला गाडीत बसू देतं, ते घर.

घर विकायचं मी रद्द केलं. ईशान आता इथल्याच एका युनिव्हर्सिटीत किकर आहे, संध्याकाळी कोनबिनीत अरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम, करतो. या सुट्टीत आम्ही दोघं बार्शीला गेलो. पुढची खोली नितीनच्या नावावर करायची तर सरकारी मोजणी होईलच, पण आधी माप आपल्या हातानं घ्यावं असं मला वाटलं. कपाटात अण्णांची कातडी डबीतली टेप सापडली. नितीन दारातून ओरडत होता, "अरे काय नाटकं लावलीत बाप-लेकांनी, क्लासला पोरं यायची वेळ झाली!" मी आतल्या भिंतीशी टोक धरून उभा राहिलो, ईशान दुसरं टोक घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला. डोळे भरून आल्यानं मला आकडा दिसेना, हात खाली आला आणि टेप मधोमध लोंबली.

"बाबा, ढिली पडली," उंबऱ्यावरून तो म्हणाला. "ताणून धर."