दोन नांग्या

नॉटिंगहॅमच्या आमच्या जुन्या घरात लाकडावरची शेगडी होती. ओंडके मागच्या अंगणात, भिंतीलगत रचलेले असत. २००६ च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी टोपलीभर ओंडके आत आणले आणि हात धुवायला गेलो. बायको ड्यूटीवर होती. दहा महिन्यांच्या मुलीजवळ मालवणहून आलेल्या सासूबाई बसल्या होत्या.

मुलगी किंचाळली. मागोमाग सासूबाईंचा आवाज, "जावईबापू, विंचू!"

मुलीचा तळवा लाल झाला होता. नॉटिंगहॅममध्ये विंचू नसतात असं ऐकून होतो, पण ऐकीव माहितीच्या भरवशावर पोरीचा जीव कोण सोडेल? मी ९९९ हा तातडीच्या मदतीचा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, केवढा आहे, शेपटीला काटा दिसतो का?

"आई, नांगी दिसते का?"

"दिसते काय, दोन आहेत. उगारल्यात."

"विंचवाला दोन नांग्या कशा असतील?"

"कुर्लीला किती असतात?"

मी साताऱ्याचा. आमच्याकडे विंचवाची नांगी म्हणजे शेपटीचं विषारी टोक. सासूबाई मालवणच्या, कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, असतात तशा पुढच्या चिमट्यांबद्दल बोलत होत्या. फोन कानाला धरूनच मी टोपलीजवळ गुडघ्यांवर बसलो आणि जमिनीवरच्या त्या किड्याशेजारी मोजपट्टी लावली. जेमतेम तीन मिलिमीटर. तपकिरी, चपटा, आठ पाय, दोन चिमटे. शेपटी नव्हतीच.

"शेपटी नाही," मी सांगितलं. बाई म्हणाल्या, हात उजेडात धरून नीट बघा. मुलगी मूठ उघडेना. सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं. अंगठ्याच्या बुडाशी लाकडाचं कुसळ होतं. चिमट्याने ते ओढून काढल्यावरही मुलगी बराच वेळ रडली. मग नुसते हुंदके राहिले, तेव्हा मी फोन ठेवला.

तो जीव कागदावर घेऊन ओंडक्यावर सोडला. मागच्या मागे सरकत तो सालीखाली गेला.

पुढे लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं: हा खरा विंचू नव्हे. सालीखाली, कुजक्या पाल्यात राहतो, त्याहून बारीक किडे पकडतो. विष पुढच्या चिमट्यांत असतं, पण माणसाला त्याचा त्रास नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं.

"म्हणजे विष नांगीतच ना?"

"हो, पण आपल्याला..."

"मग झालं तर."

त्या परत जाईपर्यंत एकही ओंडका घरात आला नाही.